टेसरॅक्ट सोर्समधून बिल्ड करताना ‘अमुक सापडत नाही’ असे एरर येत राहतात, ते कसे सोडवायचे

मराठी मजकुराचे ओसीआर (पानाच्या चित्रातून मजकूर काढणे) करणारे बरेच जण कधी ना कधी टेसरॅक्ट हा ओसीआरचा प्रोग्रॅम स्वतः बिल्ड करायला, म्हणजे सोर्स कोडपासून तयार करायला बसतात. उबुंटू 22.04 वापरत असाल तर तिथल्या भांडारात 4.1.1 ही आवृत्ती मिळते, आणि 5.0 तर नोव्हेंबर 2021 मध्येच आली. कुणाला जुन्या छापाच्या अक्षरांवर मॉडेल आणखी शिकवायचे असते, त्यासाठी प्रशिक्षणाची साधने नव्या आवृत्तीची हवी असतात. मग गिटवरून कोड उतरवला जातो, ऑटोजेन, कॉन्फिगर, मेक अशी वरात निघते आणि कुठेतरी मध्येच अडते. अमुक सापडत नाही. ते टाकले की तमुक सापडत नाही.

इथे सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे एररची शेवटची ओळ शोधायची, कुणीतरी कुठेतरी दिलेली वीस पॅकेजांची लांबलचक इन्स्टॉल ओळ उचलायची आणि टर्मिनलवर चिकटवायची. कधी कधी ते चालतेही. पण त्या वीसपैकी आपल्याला कुठले हवे होते ते कळत नाही, आणि पुढच्या आवृत्तीला पुन्हा तोच खेळ. शिवाय ती ओळ लिनक्सच्या दुसऱ्याच वितरणाच्या (उबुंटू, फेडोरा वगैरे) दुसऱ्याच वर्षाची असते. त्यातले एक नाव जरी बदललेले असले तरी ‘अनेबल टू लोकेट पॅकेज’ म्हणून ॲप्ट (उबुंटूवर पॅकेजे टाकणारी कमांड) अख्खी ओळच नाकारते.

खालचे सगळे टेसरॅक्ट आणि त्याच्यासाठी चित्रे वाचणारी लायब्ररी लेप्टोनिका यांच्या निमित्ताने लिहिले आहे, पण रीत कुठल्याही सी किंवा सी++ प्रकल्पाला लागू पडते. कमांड, फाइलींची नावे आणि एरर इथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना अर्थातच नेहमीची रोमन अक्षरे वापरा.

कुठे अडले ते आधी बघा

सगळ्या ‘सापडत नाही’ एररना एकाच पोत्यात घालू नका. कॉन्फिगर (मशीनवर काय काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट) चालू असताना अडले, कंपायलर अडला, लिंकर (कंपाइल झालेले तुकडे आणि लायब्रऱ्या जोडणारा) अडला की बिल्ड नीट होऊन प्रोग्रॅम चालवताना अडले, यावर पुढचे सगळे ठरते. कारण प्रत्येक टप्प्यावर यंत्र हरवलेल्या वस्तूचे नाव वेगळ्या प्रकारे सांगते.

कॉन्फिगर बहुधा पीकेजी-कॉन्फिग या लायब्रऱ्यांची माहिती देणाऱ्या साधनामार्फत विचारते, म्हणून ते ‘लेप्ट’ सापडत नाही म्हणेल. तेच लेप्टोनिका न सापडल्याने कंपायलर थांबला तर म्हणेल: ‘फेटल एरर: ऑलहेडर्स डॉट एच: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. लिंकर ‘कॅनॉट फाइंड’ म्हणून पुढे वजा-एल आणि लायब्ररीचे आखूड नाव देईल. चालवताना लोडर (प्रोग्रॅमला लायब्रऱ्या आणून देणारा) ‘लिब’ने सुरू होणारे, शेवटी डॉट एसओ आणि एक आकडा असलेले पूर्ण नाव देईल. वस्तू एकच, नावे चार, आणि यातले एकही नाव पॅकेजचे नाही. डेबियन आणि उबुंटूवर पॅकेज आहे ‘लिबलेप्टोनिका-डेव’. एररमधले नाव जसेच्या तसे ॲप्ट इन्स्टॉलला देऊन बघणारे इथेच फसतात. यंत्राने दिलेल्या नावावरून पॅकेजच्या नावापर्यंत पोचणे, एवढेच खरे काम आहे. ते अंदाजाने करायचे नसते. त्यासाठी साधने आहेत, ती पुढे येतातच.

त्याआधी एक सवय लावून घ्या: शेवटचा नाही, पहिला एरर वाचा. मेकला वजा-जे देऊन आठ कामे एकदम चालवली असतील तर एक फाइल अडली तरी बाकीच्या सात आपापला मजकूर ओतत राहतात आणि मूळ एरर शंभर ओळी वर निघून जातो. अशा वेळी मेक पुन्हा एकदा वजा-जे न देता चालवा. झालेले काम पुन्हा होत नाही, थेट अडलेल्या फाइलवर येऊन थांबते. आणि यंत्रणेची भाषा मराठी किंवा हिंदी ठेवली असेल तर कमांडच्या आधी ‘एलसी_ऑल=सी’ लावा. एरर इंग्रजीत येतील आणि शोधता येतील.

‘पण ते तर आधीच इन्स्टॉल आहे!’

सर्वांत जास्त वेळा ऐकू येणारी तक्रार हीच. लेप्टोनिका मशीनवर आहे, डीपीकेजीच्या (इन्स्टॉल असलेल्या पॅकेजांच्या) यादीत दिसते, तरी कॉन्फिगर नाही म्हणते.

डेबियन, उबुंटू, फेडोरा ही वितरणे एका लायब्ररीची दोन तरी पॅकेजे करतात. एकात फक्त चालवायला लागणारी डॉट एसओ फाइल, तीही आकड्यासह. दुसऱ्यात हेडर फाइली (कंपायलरला लागणाऱ्या, डॉट एच शेपटाच्या), पीकेजी-कॉन्फिगसाठी डॉट पीसी फाइल, आणि बिनआकड्याच्या नावाची एक सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलीकडे बोट दाखवणारी नोंद. लिंकर शोधतो तो ही बिनआकड्याची सिमलिंक. सामान्य वापरकर्त्याला पहिले पॅकेज पुरते, म्हणून दुसरे आपोआप येत नाही. डेबियन-उबुंटूत दुसऱ्याच्या नावाला ‘डेव’ हे शेपूट असते, फेडोरात ‘डेव्हल’. तेव्हा लायब्ररी आहे की नाही हा प्रश्नच चुकीचा. तिचे डेव पॅकेज आहे का ते विचारा:

पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्शन लेप्ट

आकडा आला तर डेव पॅकेज आहे आणि आवृत्तीही कळली. आवृत्ती महत्त्वाची, कारण टेसरॅक्टला लेप्टोनिका 1.74 किंवा त्यापुढची लागते. जुनी असेल तर तेच पॅकेज पुन्हा पुन्हा टाकून काही होणार नाही. लेप्टोनिका आधी स्वतः बिल्ड करावी लागेल.

नावावरून पॅकेज

डेबियन आणि उबुंटूवर ‘ॲप्ट-फाइल’ नावाचे छोटे साधन आहे. ते टाका, एकदा ‘ॲप्ट-फाइल अपडेट’ चालवा, आणि मग कंपायलरने जी हेडर फाइल मागितली ती तशीच विचारा:

ॲप्ट-फाइल सर्च ऑलहेडर्स.एच

उत्तर येते: लिबलेप्टोनिका-डेव, आणि पुढे फाइलीचा पूर्ण मार्ग. इन्स्टॉल नसलेल्या पॅकेजांच्या आतही हे शोधते, हा त्याचा खरा उपयोग. डीपीकेजी वजा-कॅपिटल-एस फक्त असलेल्या पॅकेजांतच बघते, म्हणून इथे कामाचे नाही. झेडलिबचे उदाहरण घ्या. हेडर आहे झेडलिब.एच, आणि डेबियनवरचे पॅकेज ‘झेडलिब1जी-डेव’. मधला तो ‘1जी’ कुणाला अंदाजाने सुचणार? ॲप्ट-फाइलला विचारले की प्रश्न मिटला. एकाच हेडरसाठी चार-पाच पॅकेजे दिसली तर मार्ग बघा: थेट /यूएसआर/इन्क्लूड खाली असलेले बहुधा आपले. दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रॅमच्या पोटात तीच फाइल कॉपी करून ठेवलेली असू शकते, ते सोडा.

फेडोरावर काम आणखी सोपे आहे. ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ला तारांकन, तिरपी रेघ आणि हेडरचे नाव द्या, पॅकेज कळते. आणि अडले कॉन्फिगरपाशी असेल तर पॅकेजचे नाव कळण्याचीही गरज नाही. डीएनएफ इन्स्टॉलला अवतरणात ‘पीकेजीकॉन्फिग(लेप्ट)’ असे दिले की तो डॉट पीसीच्या नावावरून स्वतःच योग्य पॅकेज शोधून टाकतो. ही सोय फार कमी जणांना ठाऊक असते.

आणि जो प्रोग्रॅम बिल्ड करायचा आहे तो वितरणात जुन्या आवृत्तीत का होईना आहेच, तर सगळ्यांत आधी हे करा:

सुडो ॲप्ट बिल्ड-डेप टेसरॅक्ट

वितरणाच्या देखभालकर्त्याने ते पॅकेज बांधताना जे जे वापरले ते सगळे एका फटक्यात येते. फेडोरावर ‘डीएनएफ बिल्डडेप’. नव्या आवृत्तीला एखादी गोष्ट जास्त लागेल, पण नव्वद टक्के वाट कापलेली असते. यावर ‘डेब-एसआरसी’च्या ओळी नाहीत अशी तक्रार आली तर सोर्स पॅकेजांची भांडारे बंद आहेत. उबुंटू 24.04 पासून ती यादी ‘उबुंटू.सोर्सेस’ नावाच्या नव्या पद्धतीच्या फाइलीत गेली आहे. तिथे ‘टाइप्स’च्या ओळीत ‘डेब’च्या पुढे ‘डेब-एसआरसी’ जोडा आणि ॲप्ट अपडेट करा. जुन्या सूचना वाचून सोर्सेस.लिस्ट उघडाल तर ती जवळपास रिकामी दिसेल.

कॉन्फिगरच नाही, किंवा आहे पण वेडेवाकडे बोलते

गिटवरून उतरवलेल्या टेसरॅक्टमध्ये कॉन्फिगर ही फाइलच नसते. ती ऑटोजेन.एसएच तयार करते, आणि तिला ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, लिबटूल लागतात. ही नसतील तर एरर तरी सरळ येतो, अमुक कमांड नाही म्हणून. खरा ताप पुढे आहे. ऑटोजेन बिनबोभाट पार पडते, मग कॉन्फिगर चालवले की चार हजार कितव्या तरी ओळीवर ‘सिंटॅक्स एरर निअर अनएक्स्पेक्टेड टोकन’ असे येते. लोक ती ओळ उघडून शेल स्क्रिप्ट दुरुस्त करायला बसतात. नका बसू. कॉन्फिगरची ती ओळ कुणी लिहिलेली नाही, ती जन्मायला हवी होती ती जन्मलीच नाही.

झालेले असे असते: मूळ फाइलीत एक मॅक्रो (उलगडला की लांब मजकूर होणारे आखूड नाव) असतो, आणि त्या मॅक्रोची व्याख्या मशीनवर नसल्याने ऑटोकॉन्फने तो न उलगडता तसाच कॉन्फिगरमध्ये उतरवलेला असतो. शेलला तो कळत नाही. एररमधल्या टोकनवरून गुन्हेगार ओळखता येतो. टोकनमध्ये लेप्टोनिकासारखे लायब्ररीचे नाव दिसले तर पीकेजी-कॉन्फिग इन्स्टॉल नाही. टोकनमध्ये वजा-एम-एव्हीएक्ससारखा कंपायलरचा पर्याय दिसला तर ‘ऑटोकॉन्फ-आर्काइव्ह’ नाही. ते टाका आणि ऑटोजेनपासून पुन्हा सुरू करा. नुसते कॉन्फिगर पुन्हा चालवून भागत नाही, कारण बिघडलेली फाइल तीच राहते.

गिटहबवरच्या ‘सोर्स कोड’ नावाच्या झिपचीही इथेच दखल घ्यायला हवी. ती झिप आपोआप बनते. तिच्यात कॉन्फिगर नसते आणि गिटचे सबमॉड्यूलही (प्रकल्पात जोडलेले दुसरे प्रकल्प) नसतात, त्यांचे फोल्डर रिकामे येतात. कुठल्याही प्रकल्पात ‘थर्ड_पार्टी’ खालचे फोल्डर रिकामे दिसले तर पॅकेज शोधत बसू नका. ‘गिट सबमॉड्यूल अपडेट --इनिट --रिकर्सिव्ह’ चालवा. मात्र त्यासाठी झिपऐवजी गिट क्लोनच लागेल.

कॉन्फिगर अडले आणि कारण पुरेसे कळले नाही, तर त्याच फोल्डरमधली कॉन्फिग.लॉग उघडा. फाइल लांबलचक असते आणि तिच्यात ‘एरर’ शब्द शोधला तर ढिगाने सापडतात. त्यातले बहुतेक निरुपद्रवी. कॉन्फिगर छोटे छोटे ‘कॉन्फटेस्ट’ प्रोग्रॅम कंपाइल करून मशीन चाचपते, आणि त्यातले काही नापास होणे हेच अपेक्षित असते. म्हणून पडद्यावर जो शेवटचा संदेश आला तोच लॉगमध्ये शोधा आणि तिथून वर वीस-तीस ओळी वाचा. पडद्यावर नुसते ‘नो’ आले असेल त्याचे खरे कारण तिथे सापडते: हेडर नाही, की हेडर आहे पण लिंक होत नाही, की मुळात सी++ कंपायलरच नाही.

कंपायलर जुना असणे हीसुद्धा एक उणीवच. टेसरॅक्ट 5 ला सी++17 लागते. जुन्या उबुंटूवर सी++17 चे प्रकल्प बिल्ड करताना ‘फाइलसिस्टम’ नावाचा हेडर सापडत नाही असा एरर येतो, आणि लोक फाइलसिस्टम-डेव शोधत फिरतात. असे पॅकेज नाहीच. तो हेडर जीसीसीबरोबर येतो आणि जीसीसी 8 पासूनच येतो, उबुंटू 18.04 चा मूळ कंपायलर 7 होता. तिथे कंपायलर बदलणे हाच उपाय.

जे एरर देत नाहीत, ते

आतापर्यंतचे सगळे एरर मला तरी उपकारकच वाटतात, कारण काम थांबते आणि काय नाही ते कळते. खरा वेळ खातात त्या ऐच्छिक डिपेंडन्सी, म्हणजे असल्या तर वापरल्या जाणाऱ्या, पण सक्तीच्या नसलेल्या लायब्रऱ्या. कॉन्फिगर त्या शोधते, सापडल्या नाहीत तर ‘नो’ लिहून पुढे जाते, बिल्ड व्यवस्थित होते, इन्स्टॉल होते, आणि उणीव कळते ती पार शेवटी, तीही भलत्याच ठिकाणी.

लेप्टोनिका याचे चोख उदाहरण. चित्रांचे प्रकार वाचायला ती दुसऱ्या लायब्रऱ्यांवर अवलंबून आहे: पीएनजीसाठी लिबपीएनजी, जेपेगसाठी लिबजेपेग, टिफसाठी लिबटिफ, शिवाय झेडलिब, वेबपी वगैरे. पण यातली एकही सक्तीची नाही. एकही डेव पॅकेज नसले तरी लेप्टोनिका बिल्ड होते. तिच्या सोर्समध्ये प्रत्येक प्रकारासाठी दोन फाइली आहेत, एक खरी आणि एक पोकळ. लायब्ररी नसली की पोकळ फाइल आत जाते. त्या पोकळ फाइलीतल्या फंक्शनचे काम एवढेच की कुणी हाक मारली तर ‘फंक्शन नॉट प्रेझेंट’ म्हणायचे.

आता चित्र असे दिसते. लेप्टोनिका बिल्ड झाली, तिच्यावर टेसरॅक्ट बिल्ड झाले, मराठीचे मॉडेल ठेवले, स्कॅन केलेले पान दिले आणि उत्तर येते की ‘पिक्सरीडस्ट्रीमपीएनजी: फंक्शन नॉट प्रेझेंट’, किंवा इमेज फाइल वाचता येत नाही. माणूस स्कॅन बदलतो, रिझोल्यूशन बदलतो, टेसरॅक्ट पुन्हा बिल्ड करतो. टेसरॅक्टचा काही दोष नसतो. पारख करायची तर एखादे पान पीएनएम किंवा साध्या बीएमपी प्रकारात देऊन बघा. हे दोन लेप्टोनिका स्वतःच, कुणाच्या मदतीशिवाय वाचते. ते चालले आणि पीएनजी नाही चालले, म्हणजे निदान पक्के.

त्याहून सोपी खूण ‘टेसरॅक्ट --व्हर्शन’मध्ये आहे. लोक पहिली ओळ वाचतात आणि सोडून देतात. खालच्या ओळीत लेप्टोनिकाची आवृत्ती असते, आणि तिच्याखाली लिबजिफ, लिबजेपेग, लिबपीएनजी, लिबटिफ, झेडलिब असे जे जे आत आहे त्याची आवृत्त्यांसह यादी. तिथे लिबटिफ दिसत नसेल तर तुमच्या ग्रंथालयाच्या टिफ स्कॅनचे काय होणार ते आत्ताच कळले.

उपाय: लिबपीएनजी-डेव, लिबजेपेग-डेव, लिबटिफ-डेव, झेडलिब1जी-डेव टाका आणि लेप्टोनिकाचे कॉन्फिगर पुन्हा चालवा. नुसता मेक देऊन फायदा नाही, कारण कशाचा समावेश करायचा याचा निर्णय कॉन्फिगरच्या वेळी होऊन फाइलीत लिहिला गेलेला असतो. मग मेक क्लीन, मेक, मेक इन्स्टॉल. लायब्ररी शेअर्ड (वेगळ्या डॉट एसओ फाइलीत) असेल तर टेसरॅक्टला हात लावायची गरज नाही, तो पुढच्या वेळी नवी लेप्टोनिका उचलेल. आणि हा प्रकार पुन्हा घडू नये असे वाटत असेल तर कॉन्फिगरला ‘--विथ-लिबपीएनजी --विथ-जेपेग --विथ-लिबटिफ’ असे उघड सांगा. न सांगता सोडले तर ‘असेल तर घ्या’ असा अर्थ होतो. सांगितले की ‘नसेल तर थांबा’. पॅकेज बांधणारे लोक एवढे लांबलचक पर्याय का देतात याचे कोडे इथे सुटते.

दुसरे उदाहरण प्रशिक्षणाच्या साधनांचे, आणि मराठीसाठी ते जास्त झोंबणारे. टेसरॅक्टच्या कॉन्फिगरला आयसीयू, पँगो किंवा कैरो (अक्षरे हाताळणाऱ्या, मांडणाऱ्या आणि रेखाटणाऱ्या लायब्रऱ्या) सापडले नाही तर ते फक्त इशारा देते: ‘ट्रेनिंग टूल्स विल नॉट बी बिल्ट’. इशारा शेकडो ओळींच्या ओघात वाहून जातो. ओसीआर नीट चालते. मग एक दिवस ‘मेक ट्रेनिंग’ दिले की यंत्र प्रकल्प पुन्हा कॉन्फिगर करायला सांगून गप्प बसते. देवनागरीचा प्रशिक्षणाचा मजकूर चित्रात उतरवायचा तर जोडाक्षरे, रफार, वेलांट्या जागच्या जागी बसवाव्या लागतात, आणि ‘टेक्स्ट2इमेज’ हे काम पँगोवर सोपवते. म्हणून पँगोशिवाय हे साधन बिल्ड होणारच नाही. लिबआयसीयू-डेव, लिबपँगो1.0-डेव, लिबकैरो2-डेव ही तीन टाका, कॉन्फिगर पुन्हा चालवा, आणि यावेळी त्याच्या शेवटच्या दहा ओळी शांतपणे वाचा. प्रशिक्षणाची साधने बिल्ड करता येतील की नाही हे तिथे स्पष्ट लिहिलेले असते.

फाँट हीसुद्धा डिपेंडन्सीच आहे, फक्त ती कुठल्याही कॉन्फिगरमध्ये लिहिलेली नसते. टेक्स्ट2इमेजला तुम्ही दिलेल्या नावाचा फाँट मिळाला नाही तर ‘कुड नॉट फाइंड फाँट’ म्हणून पँगो दुसराच एखादा सुचवतो. फाइलीचे नाव आणि फाँटचे नाव वेगळे असू शकते, म्हणून आधी त्याच साधनाला ‘लिस्ट_अव्हेलेबल_फाँट्स’ हा पर्याय देऊन तो फाँटला काय म्हणतो ते बघा आणि तेच अक्षरशः लिहा.

बिल्ड झाले, चालत नाही

‘लिबटेसरॅक्ट.एसओ.5: कॅनॉट ओपन शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल’. फाइल /यूएसआर/लोकल/लिब मध्ये आहे, लोडरला अजून माहीत नाही. डेबियन-उबुंटूवर एकदा ‘सुडो एलडीकॉन्फिग’ पुरते. काही वितरणांत तो मार्ग लोडरच्या यादीतच नसतो, तिथे एलडी.एसओ.कॉन्फ.डी या फोल्डरमध्ये त्या मार्गाची एक ओळ असलेली फाइल ठेवून मग एलडीकॉन्फिग चालवा. एलडी_लायब्ररी_पाथ हा व्हेरिएबल तात्पुरता तपासायला ठीक; कायमचा बॅशआरसीत घालू नका, मग दुसरेच प्रोग्रॅम चुकीच्या लायब्रऱ्या उचलायला लागतात. नक्की काय उचलले जाते ते ‘एलडीडी’ सांगते. ज्या ओळीपुढे ‘नॉट फाउंड’ ती हरवलेली.

व्हर्शन अजून जुनीच दिसत असेल तर मशीनवर टेसरॅक्ट दोन आहेत, एक ॲप्टचा आणि एक तुमचा. ‘व्हिच वजा-ए’ दोन्ही दाखवते. शेल जुना मार्ग लक्षात ठेवते, म्हणून ‘हॅश वजा-आर’ द्या किंवा नवे टर्मिनल उघडा.

आणि मग हमखास येणारा: ‘एरर ओपनिंग डेटा फाइल’, पुढे मार.ट्रेनडडेटा (मराठीच्या मॉडेलची फाइल). ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ हे पॅकेज तर केव्हाच टाकलेले असते. पण ते मॉडेल उबुंटू 22.04 वर /यूएसआर/शेअर/टेसरॅक्ट-ओसीआर/4.00/टेसडेटा इथे जाते, 24.04 वर त्याच मार्गात 4.00 च्या जागी 5, आणि तुम्ही बिल्ड केलेला टेसरॅक्ट मात्र /यूएसआर/लोकल/शेअर/टेसडेटा मध्ये बघतो. फाइल तिथे ठेवा, किंवा टेसडेटा_प्रिफिक्स व्हेरिएबलमध्ये खरा मार्ग द्या. जुने लेख तो मार्ग टेसडेटाच्या वरच्या फोल्डरपर्यंतच द्यायला सांगतात. ते आवृत्ती 3 चे. 4 पासून थेट टेसडेटा फोल्डरच द्यायचा. ‘टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज’मध्ये मार दिसले की झाले.

फाइल जागेवर आहे तरी भाषा लोड होत नाही, तर तिचा आकार बघा. गिटहबच्या पानाचा पत्ता डब्ल्यूगेटला दिला की मॉडेलऐवजी ते वेबपान उतरते, फक्त नाव मार.ट्रेनडडेटा. ‘फाइल’ ही कमांड लगेच सांगेल की हे एचटीएमएल आहे. आणखी एक: पुढचे प्रशिक्षण द्यायचे असेल तर मॉडेल ‘टेसडेटा_बेस्ट’मधलेच घ्या. ‘टेसडेटा_फास्ट’मधले पूर्णांकांत बदललेले असते, त्यावर पुढे शिकवता येत नाही.

थोडे किरकोळ, पण नडणारे

ॲनाकोंडा (पायथनचे तयार संच) वापरत असाल तर बिल्डच्या आधी ‘कोंडा डीॲक्टिव्हेट’. टर्मिनलच्या ओळीच्या सुरुवातीला कंसात ‘बेस’ दिसत असेल तर कोंडाचे पीकेजी-कॉन्फिग आणि त्याच्या लायब्रऱ्या पुढे उभ्या असतात. हेडर एकीकडचे, लायब्ररी दुसरीकडची, आणि शेवटी ‘जीएलआयबीसीएक्सएक्स’ची अमुक आवृत्ती नाही असे गूढ काहीतरी. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’चे लांब रकाने आले तरी आधी हाच संशय घ्या: हेडर नवे, लायब्ररी जुनी.

लेप्टोनिका तुम्ही घरच्या फोल्डरमध्ये इन्स्टॉल केली असेल तर पीकेजी_कॉन्फिग_पाथमध्ये तिच्या लिब/पीकेजीकॉन्फिगचा मार्ग द्यावा लागतो. फेडोरावर /यूएसआर/लोकल खाली असली तरीही द्यावा लागतो. आणि सुडो पुढे लावले की हे व्हेरिएबल सहसा गळून पडतात, म्हणून कॉन्फिगर आणि मेक साध्या वापरकर्त्याने करा, सुडो फक्त मेक इन्स्टॉलला.

कॉन्फिगरऐवजी सीमेक या साधनाने बिल्ड करणाऱ्यांसाठी: पॅकेज टाकल्यावरही ‘कुड नॉट फाइंड’ येत राहिले तर सीमेककॅशे.टीएक्सटी जुने उत्तर लक्षात ठेवून बसली आहे. बिल्ड फोल्डर उडवा, किंवा सीमेक 3.24 पासून मिळणारा ‘--फ्रेश’ पर्याय द्या.

मॅकवर होमब्रूचे आयसीयू ‘केग-ओन्ली’ असते, म्हणजे नेहमीच्या मार्गावर जोडलेले नसते. ब्रू इन्स्टॉलच्या शेवटी पीकेजी_कॉन्फिग_पाथसाठी कुठली ओळ लिहायची ते छापून येते, ती वापरा.

आणि ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्रॅम सीसी1प्लस’ हा एरर या लेखातला नाहीच. रॅम संपली आहे. वजा-जे2 द्या.

एवढे करूनही सुटले नाही आणि कुणाला विचारायचे असेल तर वितरणाचे नाव आणि आवृत्ती, टेसरॅक्टचा गिट टॅग, पहिला एरर त्याच्या वरच्या दहा ओळींसह, आणि कॉन्फिगरपाशी अडले असेल तर कॉन्फिग.लॉगमधला तेवढा तुकडा द्या. स्क्रीनशॉट नको, मजकूर द्या. स्क्रीनशॉटमधला मार्ग कुणाला कॉपी करता येत नाही.